नाटकाचे घटक किती?

संध्याकाळी आठच्या सुमारास गांधीबागेत एकेक शटर खाली येऊ लागते. दिवसभर कापडाचे गठ्ठे ओढणारे हमाल हातगाड्यांना साखळ्या लावतात, गाद्यांवरच्या पांढऱ्या चादरी झटकल्या जातात, आणि मग सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या गाड्यांचा आवाज तेवढा उरतो. अशाच एका संध्याकाळी आमच्या शेजारची मुलगी हातात गाइड घेऊन घरी आली. बी.ए.ला आहे, मराठी साहित्य घेतले आहे. चप्पल काढता काढताच तिने विचारले, ‘‘काका, तुम्ही नाटकात होते ना? मग सांगा बरं, नाटकाचे घटक सहा का सात?’’

तिची अडचण खरी होती. गाइडात सात घटक दिले होते, वर्गातल्या टिपणांत सहा आणि मैत्रिणीच्या वहीत आठ. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. एक मुद्दा सुटला की एक गुण गेला, हे गणित तिला पक्के ठाऊक होते. मी आकड्याचे उत्तर टाळून विचारले, ‘‘तू एखादे नाटक पाहिले आहेस का?’’ ती गोंधळली. म्हणाली, ‘‘पाहायचं कुठे आहे काका? नाटक तर पेपरला आहे.’’

विनोद म्हणून ती हे बोलली नव्हती. नाटक ही पाहायची गोष्ट असू शकते, हेच तिला कोणी सांगितले नव्हते. तिचे ते वाक्य गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी प्राध्यापक नाही. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात रोकड आणि खतावणी लिहिण्यात माझी उमर गेली. त्यातली बरीच वर्षे मी संध्याकाळी हौशी नाटकांच्या तालमींना जात असे आणि प्रयोगाला विंगेत प्रॉम्प्टर म्हणून बसत असे. नट नाटक करतो, प्रेक्षक नाटक पाहतो. प्रॉम्प्टर एकटाच असा प्राणी, की त्याच्या मांडीवर छापलेले नाटक असते आणि डोळ्यांसमोर घडणारे. या दोन नाटकांमध्ये किती अंतर असते, ते त्याच्याइतके कोणाला कळत नाही. आपल्या परीक्षा या दोहोंपैकी फक्त मांडीवरचे नाटक ओळखतात, ही माझी तक्रार आहे.

आकडा आला कुठून?

आधी त्या सहा-सातचा निकाल लावू. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची सहा अंगे सांगितली : कथानक, स्वभावचित्रण, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य. आपल्याकडे दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपका’त नाट्यप्रकारांचा भेद तीन गोष्टींवरून ठरवला : वस्तू, नेता आणि रस. त्याच्याही कितीतरी आधी भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’ने अभिनयाचे चार प्रकार मांडले : अंगाने होणारा तो आंगिक, वाणीने होणारा तो वाचिक, वेश-रंगभूषेने होणारा तो आहार्य आणि आतल्या भावाने अंगावर उमटणारा तो सात्त्विक. आजच्या गाइडांत कथानक, पात्रे, संवाद, संघर्ष, वातावरण, भाषा, रंगसूचना अशी जी यादी असते, ती या सगळ्यांची आणि नंतरच्या पाश्चात्त्य टीकेची मिसळ आहे.

मग यांतले बरोबर कोणते? आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. सदऱ्याचे भाग किती, असे शिंप्याला विचारा. तो कॉलर, कफ, बाही, खिसा मोजील. दुकानदाराला विचारा, तो अडीच मीटर म्हणेल. घालणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, खांद्यात बसला की झाले. तिघेही खरे बोलतात. मोजणारा कोण आणि तो कशासाठी मोजतो, यावर आकडा ठरतो. ढोबळमानाने सांगायचे तर ॲरिस्टॉटलने नाटक कशाकशाचे बनते हे पाहिले, आणि आपल्या आचार्यांनी ते प्रेक्षकापर्यंत काय पोचवते हे पाहिले.

एक गोष्ट मात्र दोघांत सारखी होती. दोघांनीही रंगभूमी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले. ॲरिस्टॉटल पुन्हापुन्हा सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’चा दाखला देतो. ‘नाट्यशास्त्रा’चा दुसरा अध्याय तर नाट्यगृह कसे बांधावे यावरच आहे. नाटक आधी झाले, व्याख्या नंतर आल्या. आपण विद्यार्थ्यांना नेमक्या उलट्या वाटेने नेतो आणि बहुतेक वेळा व्याख्येपाशीच सोडून देतो.

बस्त्याच्या गादीवर

त्या मुलीला मी गाइड मिटायला लावले आणि म्हटले, तुझ्या घराखालच्या दुकानातच चल. लग्नसराईत आमच्याकडे खेड्यापाड्यांतून माणसे बस्ता बांधायला येतात. मुलीचा बाप, आई, मामा एका बाजूला. मुलाकडची एखादी मावशी किंवा आत्या दुसऱ्या बाजूला. मध्ये गादीवर साड्यांचा ढीग. मावशी एक भारी शालू उचलते आणि म्हणते, ‘‘हा छान दिसते, नाही?’’ बापाचा हात नकळत आतल्या खिशाकडे जातो. तो म्हणतो, ‘‘रंग जरा भडक नाही वाटत?’’

रंगाचा इथे काही संबंध नसतो. भडक असते ती किंमत. हे मावशीला कळते, मामाला कळते, शेटजींना तर सगळ्यांच्या आधी कळते. ते काही न बोलता तसाच दिसणारा पण निम्म्या भावाचा शालू वर ठेवतात. मामा बापाच्या कानाशी लागून दोन शब्द बोलतो. मुलीची आई या सगळ्यात एक अक्षर बोललेली नसते. ती फक्त त्या भारी शालूच्या पदरावरून एकदा हात फिरवते आणि हात मागे घेते.

असे प्रसंग मी रोकड लिहिता लिहिता शेकड्यांनी पाहिले असतील. गाइडातले निम्मे शब्द त्यात आहेत. संघर्ष म्हणजे भांडण नव्हे. एकाला काही हवे असते, त्याच्या आड काहीतरी येते आणि दोघांनाही माघार परवडत नाही, याला संघर्ष म्हणतात. इथे कोणाचाही आवाज चढलेला नाही, पण बापाची इभ्रत पणाला लागली आहे. संवाद म्हणजे नुसते बोलणे नव्हे. ‘रंग भडक आहे’ या वाक्याचा अर्थ त्या वाक्यात नाही, त्याच्या पाठीमागे आहे. चांगल्या नाटकातले संवाद असेच असतात. माणसे एक बोलतात आणि दुसरेच सांगत असतात. आईचा मागे घेतलेला हात हा आंगिक अभिनय, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्याचा उतरलेला रंग हा सात्त्विक. मामाचे ते कानात बोलणे संस्कृत नाटकात ‘जनान्तिक’ म्हणून येते. रंगमंचावरची इतर पात्रे जवळ उभी असतात, पण त्यांना ते ऐकू येत नाही, असे सगळ्यांनी मिळून मानायचे.

संस्कृत शास्त्राने कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. विद्यार्थी हे शब्द मंत्रासारखे घोकतात. पण बस्त्याला आलेल्या बापाला त्या न शिकवता ठाऊक असतात. आबरू राखून आणि खिसा सांभाळून घरी जायचे, ही इच्छा हा आरंभ. भावाची घासाघीस हा प्रयत्न. शेटजींनी दुसरा शालू काढला तेव्हा जमेल असे वाटते पण मावशीचा काय नेम, ही प्राप्त्याशा. मावशीने मान डोलावली की अडथळा सरला, ही नियताप्ति. आणि गठ्ठ्याला सुतळी बांधली गेली की फलागम. शब्द जड आहेत, पण त्यांतला अनुभव गांधीबागेत रोज भेटतो.

कथा आणि कथानक

अर्थात बस्ता म्हणजे नाटक नव्हे. आयुष्यात प्रसंग नुसते घडत जातात. नाटककाराला ठरवावे लागते की पडदा कधी उघडायचा, कधी पाडायचा आणि मधले काय गाळायचे. कथा आणि कथानक यांतला फरक इथे सुरू होतो. घडलेले सगळे म्हणजे कथा. त्यातून निवडलेले आणि कारणाच्या दोऱ्यात ओवलेले म्हणजे कथानक.

याचे उत्तम उदाहरण शोधायला आम्हा नागपूरकरांना लांब जावे लागत नाही. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातल्या एका देशपांडे घराण्याची पडझड हा त्याचा विषय. कथा म्हणाल तर ती कित्येक पिढ्यांची आहे. जमीन गेली, मान गेला, नाती उसवली. पण नाटककाराने पडदा उघडला तो घरातला कर्ता पुरुष गेल्यानंतर. मुंबईचा मुलगा आणि सून येतात, आणि त्या सुतकाच्या मोजक्या दिवसांत तेराव्याचा खर्च, दागिने आणि वाटण्या यांवरून पिढ्यांचा हिशेब बाहेर पडतो. मृत्यू आपल्याला दिसत नाही, कारण नाटक त्याच्याविषयी नाही. त्याने मागे ठेवलेल्या माणसांविषयी आहे. कुठे सुरुवात करायची, एवढ्या एका निर्णयाने कथेचे कथानक झाले.

त्याच नाटकात वाड्याच्या आवारात एक ट्रॅक्टर नादुरुस्त पडून असतो. गाइड त्याला ‘प्रतीक’ म्हणून एका ओळीत उरकते. पण प्रतीक आधी वस्तू असावे लागते. तो ट्रॅक्टर प्रथम जाता-येता अडचण करणारे एक अवजड लोखंड आहे. ते सगळ्यांना खुपते आणि कोणीच हलवू शकत नाही, म्हणून पुढे तो त्या घराच्या नशिबासारखा वाटू लागतो. भाषेचेही तसेच. गावाकडच्या माणसांच्या तोंडची वऱ्हाडी वळणाची बोली आणि मुंबईहून आलेल्यांची शहरी मराठी एका ओट्यावर समोरासमोर आली, की घर दुभंगल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

एलकुंचवार नाटकाकडे वळले त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सिनेमाचे तिकीट मिळाले नाही म्हणून ते नाटकाला जाऊन बसले. विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो मी हरलो’. त्याने ते इतके भारावले की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाहायला गेले. इंग्रजी साहित्य शिकवणारा हा माणूस. नाटकाच्या व्याख्या त्यांच्या संग्रही काही कमी नसतील. पण नाटककार होण्याची ओढ लागली ती प्रेक्षागृहातल्या खुर्चीत.

सुधाकराचा दोष कोणता?

गांधीबागेतून सावनेर तासाभराच्या अंतरावर आहे. त्या गावी २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकऱ्यांनी देह ठेवला. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यांच्या मागे. या नाटकावर ‘शोकनायकाचा स्वभावदोष स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, आणि ‘दारूचे व्यसन’ असे उत्तर घोकले जाते.

हे उत्तर अपुरे आहे. सुधाकर बुद्धिमान आहे, तडफदार आहे आणि तितकाच मानी आहे. कोर्टात झालेला अपमान त्याच्या मनाला सोसवत नाही. त्या जखमेवर तळीराम पहिला प्याला पुढे करतो. दारू नंतर येते, आधी तो न सोसवणारा मान आहे. दारू हा दोष धरला तर नाटक व्यसनमुक्तीचे पत्रक होते. मान हा दोष धरला तर ते आपल्या प्रत्येकाच्या घरात येऊन बसते, कारण ज्या ताठ कण्याचे आपण कौतुक करतो तोच माणसाला मोडू शकतो. ॲरिस्टॉटलने यासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी बाणाचा नेम चुकणे हा अर्थ आहे. माणूस दुष्ट नसतो. त्याचा नेम चुकतो, आणि बाण घरच्यांनाच लागतो. सिंधूकडे पाहताना हे ज्याला जाणवले, त्याला शोकात्मिकेची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

तळीरामाचे पाहा. तो विनोदी पात्र. त्याच्या आणि त्याच्या मंडळींच्या बोलण्यावर प्रेक्षागृह हसून लोटपोट होते. पण नाटक पुढे जाते तसे ते हसू घशात अडकते. आपण ज्याच्यावर हसलो त्यानेच हे घर बुडवले, हे लक्षात येते. विनोदाचे काम ‘ताण हलका करणे’ असे गाइड सांगते. गडकऱ्यांनी त्याच विनोदाकडून ताण वाढवण्याचे काम करून घेतले. घटकांची नावे ठरलेली असली तरी त्यांची कामे ठरलेली नसतात.

न लिहिलेली ओळ

आता माझ्याच एका अपराधाची गोष्ट सांगतो. स्पर्धेतला प्रयोग होता. नाटकातला मुलगा आईला एक प्रश्न विचारतो, आणि तिच्या उत्तराआधी लेखकाने कंसात एकच शब्द लिहिला होता : ‘स्तब्धता’. तालमीत ती बाई तीन-चार आकडे मोजण्याइतकी थांबत असे. प्रयोगाच्या दिवशी ती थांबली ती थांबलीच. पाच झाले, सहा झाले. प्रेक्षागृहात खोकलासुद्धा ऐकू येईना. मला विंगेत घाम फुटला. वाटले, विसरली. मी पुढचे वाक्य दिले, आणि घाबरल्यामुळे जरा मोठ्याने दिले. ते पहिल्या दोन रांगांनी ऐकले. कोणीतरी हसले. तिने ते वाक्य उच्चारले, पण आता त्यात जीव नव्हता. पडदा पडल्यावर ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘काका, मला आठवत होतं.’’

त्या दिवशी मला रंगसूचना म्हणजे काय ते कळले. कंसातला तो शब्द छापील पानावर सर्वांत लहान असतो, आणि रंगमंचावर कधी कधी सर्वांत मोठा. प्रॉम्प्टर प्रत्येक वाक्य देऊ शकतो, पण स्तब्धता देऊ शकत नाही. ती नटाने आणि प्रेक्षकाने मिळून धरायची असते. विद्यार्थी नाटक वाचताना नेमके कंसच गाळतात. वर्गात मोठ्याने वाचून घेतले, दोघांनी समोरासमोर उभे राहून वाचले, तर पाच मिनिटांत लक्षात येईल की इथे थांबल्यावाचून पुढचे वाक्य म्हणताच येत नाही.

रंगभूमीवरचे संकेतही असेच पाहिल्यावाचून कळत नाहीत. भवभूती हा आपल्या विदर्भाचा नाटककार. आपले पूर्वज पद्मपूरचे, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. आमगावजवळचे पदमपूर ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात राम पंचवटीत सीतेच्या आठवणीने विव्हळतो आहे, आणि सीता तिथेच उभी आहे. गंगेच्या वरामुळे ती त्याला दिसत नाही. आपल्याला मात्र दोघेही दिसतात. तो मूर्च्छित पडतो, ती स्पर्शाने त्याला सावध करते, आणि ती खरोखरच जवळ आहे की भास आहे, हे त्याला उमगत नाही. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, याला नाट्यगत उपरोध म्हणतात. अदृश्य बाई सगळ्यांदेखत उभी आहे हे मान्य करणे, हा नाट्यसंकेत. वाचताना हा प्रसंग क्लिष्ट वाटतो. दोन माणसे उभी करा, एकाने दुसऱ्याकडे पाहायचे नाही एवढेच सांगा, आणि डोळ्यांत पाणी येते की नाही ते बघा.

मारबत आणि विरेचन

‘कॅथार्सिस’ म्हणजे विरेचन, या शब्दाशी विद्यार्थी सर्वांत जास्त झटतात. हा शब्द वैद्यकातही चालतो. शरीरात साचलेले बाहेर काढून टाकणे, असा त्याचा तिथला अर्थ. नागपूरच्या मुलांना तो समजायला अडचण पडू नये, कारण दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आपण तो रस्त्यावर पाहतो. सकाळी इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते. १८८०च्या दशकापासून हे चालत आले आहे. सोबत बडगे असतात. कोणी महागाईचा, कोणी भ्रष्टाचाराचा, कोणी परदेशी शत्रूचा. बांबू, कागद, कापड यांचे ते पुतळे, पण त्यांच्यावर ओरडणारी माणसे खरीखुरी. रोगराई, इडापीडा घेऊन जा, असे मारबतीला बजावून शेवटी तिचे दहन करतात आणि लोक हलके होऊन घरी परततात. त्याच दिवशी लहान मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात. कोणी शेतकरी झालेले, कोणी शिवाजीमहाराज. तो आहार्य अभिनय.

नाटकाचे विरेचन याच्याच नात्यातले, पण एक पाऊल पुढचे. मारबतीत पीडा बाहेरची असते, तिला जाळून मोकळे होता येते. शोकात्मिका ती पीडा आपल्याच आत दाखवते. सुधाकराची कीव येते आणि त्याच वेळी स्वतःची भीती वाटते. ती जाळायला जागा नसते, ती सोबत घेऊनच घरी यावे लागते. तरीही मन स्वच्छ झाल्यासारखे वाटते. हे का होते, यावर विद्वानांचा वाद अजून संपलेला नाही. पण ते होते, याला दोन हजार वर्षांचे प्रेक्षक साक्षीदार आहेत.

या निमित्ताने ‘नेपथ्य’ शब्दाचीही गंमत सांगितली पाहिजे. आज आपण रंगमंचावरच्या देखाव्याला नेपथ्य म्हणतो. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नटांनी वेश करण्याची जागा, आणि तो वेशही. ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की आवाज आतून येतो असे समजायचे. जे पूर्वी दिसत नसे त्याचे नाव आज दिसणाऱ्याला मिळाले आहे. पारिभाषिक शब्दही रंगभूमीबरोबर चालतात, वळतात. ते दगडावरचे शिलालेख नव्हेत.

गाइडात नसलेला घटक

त्या मुलीच्या तिन्ही याद्यांत एक नाव नव्हते : प्रेक्षक. तो घटक शिकायचा तर आमच्या पूर्वेला झाडीपट्टीत जावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचे केंद्र. गावोगावी रात्री नाटक सुरू होते ते पहाटेपर्यंत चालते. थंडीत घोंगड्या पांघरून घरेच्या घरे येतात, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांना नाटकाचे आवतण जाते. दंडार आणि खडी गंमत यांच्या परंपरेतून आलेला हा प्रेक्षक आहे. त्याला अवस्था आणि संधी यांची नावे येत नसतील, पण दुसरा अंक ढिला पडला तर तो नाटक कंपनीला तिथल्या तिथे कळवतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली ‘पद्मश्री’ मिळाली. एका बाजूला व्याख्या न येता नाटक जाणणारा हा प्रेक्षक, आणि दुसऱ्या बाजूला नाटक न पाहता व्याख्या जाणणारा आमचा पदवीधर. यांतला साहित्याचा खरा विद्यार्थी कोण?

माझ्यावर असा आक्षेप येईल की मी परिभाषाच नको म्हणतो. तसे नाही. शब्द हवेतच. ज्याला ‘संघर्ष’ आणि ‘भांडण’ यांतला फरक सांगता येतो, त्याला नाटक जास्त दिसते. पण शब्द हे चष्म्यासारखे आहेत. डोळ्यांवर लावून काहीतरी पाहायचे असते. आपण मुलांना चष्म्याच्या काड्या मोजायला लावतो. प्राध्यापकांच्या अडचणीही मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम लांब, तास थोडे, वर्ग भरलेले. तरी तीन गोष्टी फुकटात होण्यासारख्या आहेत. नेमलेल्या नाटकाचा एक तरी प्रवेश वर्गात उभ्याने वाचला जावा. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग नाममात्र तिकिटात होतात, त्यातला एक तरी वर्गाने मिळून पाहावा. आणि प्रश्नपत्रिकेत ‘घटक सांगा’ याच्या जोडीला एक प्रश्न असा असावा : तुम्ही पाहिलेल्या नाटकातला एक क्षण सांगा आणि तिथे काय घडले ते स्पष्ट करा. मग पाहावेच लागेल.

चौथी गोष्ट घरच्यांनी करायची आहे. त्या मुलीने नाटक पाहिले नाही याला फक्त गाइड जबाबदार नाही. रात्रीचा प्रयोग, मुलगी एकटी कशी जाणार, हेही कारण आहेच. रेशीमबागेतले सुरेश भट सभागृह गांधीबागेपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ज्या घरात लग्नाच्या बस्त्याला सगळे कुटुंब मिळून जाते, त्या घराला वर्षातून एकदा मुलीसोबत नाटकाला जाणे जड नसावे.

त्या संध्याकाळी ती दोन तास बसली. भवभूतीचा तो प्रसंग आम्ही दिवाणखान्यात उभे राहून करून पाहिला. राम मी, सीता ती. माझ्याकडे पाहून तिला आधी हसू आले. मग कधी थांबले ते आम्हा दोघांनाही कळले नाही. जाताना दारात थबकून तिने विचारले, ‘‘काका, मग पेपरात काय लिहू? हे का गाइडातलं?’’ मी म्हणालो, गाइडातले मुद्दे लिही आणि खाली तुझे एक उदाहरण दे. ती म्हणाली, ‘‘मार्क मुद्द्यांचे असतात ना काका. उदाहरण लिहीत बसले, तर पुढचा प्रश्न राहते.’’

उभा जन्म दुसऱ्यांना वाक्ये पुरवण्यात गेला, पण तेव्हा मला पुढचे वाक्य सुचले नाही. ते सुचवायचे काम आता प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचे आहे.